येणे बाकी

माझ्या मामांच्या दादरच्या घरी ग्रुंडिग कंपनीचा एक टेपरेकॉर्डर होता. वजन पाट्या-वरवंट्याचे, पण घरातला मान देव्हाऱ्याचा. रविवारी जेवणे आटोपली की मामा त्यावरचे क्रोशाचे झाकण काढीत, स्पूल चढवीत आणि आम्हा मुलांना दम देत, "आता कुणी पाय वाजवायचा नाही." त्यांतल्या एका स्पूलवर मारवा होता. ओळखीच्या कुणाच्या गच्चीवर झालेल्या घरगुती मैफलीतला, मामांनीच मुद्रित केलेला. मारव्यात षड्ज सुखासुखी मिळत नाही. गायक ऋषभ-धैवतावर झुलवत ठेवतो आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. विलंबिताची बढत करत करत अर्ध्या तासाने स्वारी अंतऱ्यापर्यंत येई, धैवतावरून आवाज वर चढू लागे, आता तार षड्ज लागणार म्हणून मामांचा हात आपोआप उचलला जाई, आणि पट्ट! टेप संपे. सुटलेले टोक फटफट आपटत राही.

"पुढचं?" आम्ही विचारायचो.

"दुसऱ्या स्पूलवर आहे. कुणीतरी नेलंय. येईल परत."

ते कोणी नेले, केव्हा नेले, मामांना आठवत नव्हते. पुढे मामा गेले, ग्रुंडिग माळ्यावर गेला. तो अर्ध्या तासाचा मारवा मी आधी कॅसेटवर उतरवून घेतला, मग सीडीवर, मग फोनमध्ये. तार षड्ज अजून लागलेला नाही.

माझ्या संग्राहक मित्राने या पुस्तिकेची वही माझ्यासमोर ठेवून "प्रस्तावना तू लिही" म्हटले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी गाणारा नाही, संगीताचा अभ्यासक नाही आणि माझ्या घरी सगळ्या मिळून जेमतेम दोनशे तबकड्या असतील. त्यावर तो म्हणाला, "वाट तर बघतोस ना? तेवढं पुरे." हा मित्र आयुष्यभर हिशेबतपासनीस होता. निवृत्तीनंतर त्याने जुन्या खातेवह्यांच्या शिस्तीत एक नवी वही घातली. हिंदुस्थानी संगीताची जी ध्वनिमुद्रणे कुठे ना कुठे आहेत हे खात्रीलायक ठाऊक आहे, पण जी अजून आपल्या कानांपर्यंत पोहोचलेली नाहीत, त्यांची ही वही. मथळा त्याच्या धंद्यातलाच: 'येणे बाकी'. या दोन शब्दांत उधारीही आहे आणि आगमनही. मला तो मथळा इतका आवडला की पुढची हरकत घेण्याचे मी विसरलो.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचे श्रोते आगामी ध्वनिमुद्रणांची वाट पाहतात ती वेगळ्या तऱ्हेने. तिथे काय येणार हे ठाऊक असते, फक्त कसे येणार हे ठाऊक नसते. बाखची सुमारे दोनशे कँटाटा उपलब्ध आहेत. जपानच्या मासाकी सुझुकी यांनी आपल्या वाद्यवृंदासह त्यांतली सगळी धार्मिक कँटाटा मुद्रित करायला १९९५ मध्ये सुरुवात केली आणि २०१३ मध्ये ५५ वा खंड काढून काम संपवले. अठरा वर्षे जगभरचे लोक पुढच्या खंडाची वाट पाहत होते. त्यात कोणत्या रचना असतील याचा अंदाज त्यांना यादीवरून बांधता येत होता, कारण यादी अडीचशे वर्षांपूर्वीच बंद झालेली. त्याआधी डेक्का कंपनीने जॉर्ज शोल्टींकडून वाग्नरचे चार भागांचे 'रिंग' स्टुडिओत मुद्रित करून घेतले, १९५८ ते १९६५ अशी सात वर्षे घेऊन. पहिला भाग ऐकून झालेल्यांनी उरलेल्या तीन भागांसाठी किती कॅलेंडरे उलटली असतील! पण स्वरलिपी कपाटात होती. हवे तर वाचून घ्यावी.

आपल्याकडे यमन येणार आहे, अशी जाहिरात कोणी करत नाही. केली तरी ऐकणारा विचारील, कोणाचा, कुठला, कधीचा? आम्ही यमनाची वाट पाहत नाही. अमुक एका गायकाने अमुक गावी, गळा तापलेला असताना, समोर चार जाणकार बसलेले असताना रात्री साडेअकराला सुरू केलेला यमन आम्हाला हवा असतो. त्याची लिपी कुठेही नाही. तो त्या रात्री झाला आणि संपला. कोपऱ्यात कोणी यंत्र लावून बसले असेल तर उरला. त्यामुळे आमची आगामी ध्वनिमुद्रणे बहुतांशी मागेच पडलेली आहेत. माळ्यांवर, गोदरेजच्या कपाटांत, आकाशवाणीच्या रॅकवर. पुढे काय ऐकायला मिळणार हे जाणण्यासाठी आम्हाला मागे वळावे लागते, आणि हे उफराटे वाटले तरी या वहीतल्या जवळजवळ प्रत्येक नोंदीला लागू आहे.

नुकतेच घडलेले एक उदाहरण देतो. नुसरत फतेह अली खाँ यांनी १९९० मध्ये इंग्लंडमधल्या रिअल वर्ल्ड स्टुडिओत गायलेल्या चार कव्वाल्यांची टेप तशीच पडून राहिली. खाँसाहेब १९९७ मध्ये गेले. २०२१ मध्ये ती टेप कंपनीच्याच संग्रहात सापडली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये 'चेन ऑफ लाइट' या नावाने प्रसिद्ध झाली. चौतीस वर्षे! तीही नोंदी ठेवणाऱ्या, पैसे बाळगून असणाऱ्या, टेपा थंड खोलीत ठेवणाऱ्या कंपनीच्या घरात. मग आमच्या सांगली-मिरजेच्या, गिरगावच्या आणि मडगावच्या माळ्यांचा हिशेब कोणी द्यायचा?

खरे तर वाट पाहण्याची ही परंपरा पहिल्या तबकडीपासूनची. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्यात यंत्र घेऊन बसला आणि गौहरजान त्याच्यासमोर गायल्या. मुद्रण कलकत्त्यात झाले, पण तबकडी तिथे निघत नव्हती. मेणाच्या मूळ तबकड्या बोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथे छपाई व्हायची आणि माल पुन्हा बोटीने हिंदुस्थानात यायचा. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीतून आपले नाव सांगतात, ते ऐकून लोकांना आजही गंमत वाटते. कारण साधे होते. हॅनोव्हरच्या कारागिराला लेबल कुठले लावायचे हे कळावे. कलकत्त्यातच सियालदहला छपाईचा कारखाना निघाला १९०८ मध्ये. तोवरची सगळी गायकी समुद्रापलीकडे जाऊन, परक्या हातांतून छापून घरी परतत होती.

तबकडीच्या एका बाजूला तीनसाडेतीन मिनिटे. या तीन मिनिटांविषयी दोन टोकांची मते आपल्याकडे ऐकू येतात. जुने रसिक म्हणतात, तेवढ्यातच खरा अर्क. नवे म्हणतात, तो ख्याल नव्हेच, नमुना. मला दोन्ही पटत नाहीत. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकताना कुठे काही कापल्यासारखे वाटत नाही. त्यांनी तबकडीची लांबी ओळखून तेवढीच वस्तू घडवली, सोनार नथीत मोती बसवतो तशी. पण त्याच खाँसाहेबांच्या मैफलीचा अंदाज त्या नथीवरून बांधू नये. नथीवरून नवरीची उंची कळत नाही. आणि नथही प्रत्येकाची नाही. ग्वाल्हेरचे रहिमतखाँ विष्णुपंत छत्र्यांच्या आश्रयाने कुरुंदवाडला राहिले. त्यांच्या ज्या मोजक्या तबकड्या आहेत त्या उतारवयातल्या. त्या ऐकून तरुण रहिमतखाँ कसे गात असतील हे शोधणे म्हणजे वाड्याच्या चौथऱ्यावरून वाडा उभा करणे.

आणि ज्यांचे काहीच नाही ते? भास्करबुवा बखले १९२२ मध्ये गेले. तबकड्या तेव्हा वीस वर्षांच्या झाल्या होत्या. १९१६ च्या 'स्वयंवर' नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली बालगंधर्वांच्या आवाजात ऐकता येतात. चाल ऐकू येते, बुवा ऐकू येत नाहीत. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, नव्वदीच्या घरात पोहोचलेले. साऱ्या जयपूर गायकीचा तो उगम, आणि त्याचा आवाज मागे नाही. संग्राहकांच्या बैठकीत मध्येच कोणी आवाज खाली आणून "एका ठिकाणी एक तबकडी आहे म्हणे" असे म्हणतो. माझ्या मित्राने असल्या 'म्हणे'ला वहीत जागा दिलेली नाही. "म्हणे ही बुडीत उधारी," तो म्हणतो. हे मला त्याच्या कामाचे सर्वांत मोठे श्रेय वाटते, कारण त्या मोहातून सुटलेला संग्राहक मी दुसरा पाहिलेला नाही.

अल्लादियांचा आवाज नाही, पण त्यांच्या शिष्येचा आहे आणि तो आज पृथ्वीपासून फार दूर पोहोचला आहे. गोव्यातल्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकर रेकॉर्ड आणि रेडिओ या दोन्हींकडे संशयाने पाहत. त्यांच्या तबकड्या त्यांच्या कीर्तीच्या मानाने फार थोड्या. त्यांतली साडेतीन मिनिटांची एक भैरवी रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाच्या आग्रहाने व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी, मिनिटाला १६ पूर्णांक २/३ फेरे, सोबत सुईसुद्धा. पहिले यान उडाले २० ऑगस्ट १९७७ ला, दुसरे ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई मुंबईत वारल्या. आपण हे अभिमानाने सांगतो, सांगावेच. पण त्यांच्या भर मैफलीचा, तासाभराचा एक स्वच्छ राग ऐकायचा म्हटले तर तारांगणापलीकडच्या कोणा श्रोत्याइतकेच आपणही त्या साडेतीन मिनिटांच्या आसपास घोटाळत राहतो. म्हणून वहीत बाईंच्या नावाचे पान मी सर्वांत आधी उघडले.

आता या वहीचा गाभा, म्हणजे टेपचा काळ. साधारण १९५० पासून पुढची तीस-पस्तीस वर्षे. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला आणि देशभरच्या गवयांना पहिल्यांदा तासा-दीड तासाचा अवकाश ध्वनिमुद्रणासाठी मिळू लागला. एलपी आली, एका बाजूला वीसबावीस मिनिटे. अमीर खाँसाहेबांची एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असलेली एलपी ज्यांनी झिजवली, त्यांच्या कानात ते दोन राग कायमचे त्याच लांबीचे झाले आहेत. मग कुठूनतरी खासगी मैफलीतली टेप येते. तोच गायक, तोच राग, आणि एलपी जिथे संपते तिथे इथे अजून मध्य सप्तकच चाललेले असते. खाँसाहेब १९७४ मध्ये मोटार अपघातात गेले. त्यांचे मोठे गाणे त्यानंतरच लोकांच्या घरी पोहोचू लागले. द. वि. पलुसकर तर १९५५ मध्ये चौतिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या बाबतीत मिळालेले प्रत्येक अर्धे मिनिट नवे असते.

हे सारे मुद्रित कोणी केले? बँकेतल्या कारकुनांनी, डॉक्टरांनी, गिरणीतल्या इंजिनिअरांनी. पाव इंच रुंदीची टेप, सात इंची स्पूल, त्यावर १,२०० फूट. सेकंदाला साडेसात इंच वेगाने लावली तर आवाज उत्तम, पण बत्तीस मिनिटांत खेळ खलास. पावणेचारावर लावली तर तासभर चालते, पण तंबोरा बोदा होतो. मामा साडेसातच्या वेगाला 'साडेसाती' म्हणत आणि तरी तीच पत्करीत. आयात टेप महाग, पगार बेताचा, म्हणून कित्येकांनी पावणेचार धरले. आज जुन्या मैफली ऐकताना वाटते की गवयाचे गाणे कोणी ठरवले असेल तर घराण्याने, गुरूने, श्रोत्यांनी. आणि ते आपल्यापर्यंत किती यायचे हे ठरवले महिनाअखेरीने. याच कारणाने जुन्या टेपा पुसून त्यांवर नवे मुद्रण झाले. सरकारी ठिकाणीही आणि घरीही. बेगम अख्तरच्या गझलेनंतर अचानक कोणाची तरी मुंज सुरू होणे हा संग्राहकांचा नेहमीचा अनुभव.

टेप मरते कशी, हे मला या वहीच्या निमित्ताने कळले. जुनी, अॅसिटेटची टेप सडू लागली की तिला व्हिनेगरचा वास येतो. डबा उघडताच लोणच्याची बरणी उघडल्यासारखे वाटते. अशी टेप आखडते, कुरकुरीत होते, मोडते. पुढच्या काळातल्या काही टेपांचे दुखणे उलटे. त्यांतला चिकटवणारा थर हवेतली ओल पिऊन पाझरतो आणि टेप यंत्राच्या मस्तकाला चिकटून किंचाळू लागते. त्यावर उपाय म्हणजे पन्नास-पंचावन्न अंशांच्या मंद आचेवर काही तास शेकणे. शेकलेली टेप काही दिवस, फार तर काही आठवडे धड वाजते. तेवढ्यात उतरवून घ्यायची. कोकणात आणि मुंबईत या दोन्ही रोगांवर बुरशीची जोड असते. चार महिन्यांचा पाऊस टेपला कळत नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा पांढरी लव आलेले स्पूल हातात धरून पाहावे.

एक दुखणे मात्र असे आहे की ज्याच्या मी प्रेमात पडलो. घट्ट गुंडाळलेली टेप वर्षानुवर्षे पडून राहिली की एका वेढ्यावरचे चुंबकीय ठसे शेजारच्या वेढ्यावर पुसटसे उमटतात. परिणाम असा की शांत आलापीत, जोरकस तान येण्याच्या एकदोन सेकंद आधी, त्या तानेची सावली ऐकू येते. दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखी. तान यायची आहे आणि ती आलेलीही आहे. जाणकार मंडळी हे टाळायला टेप उलटी गुंडाळून ठेवतात, म्हणजे निदान ती सावली आवाजाच्या मागून येते. माझ्या मित्राला हे दूषण वाटते. मला वाटते, साफ करताना त्यांतल्या एकदोन सावल्या तरी राहू द्याव्यात.

साफसफाईवरून आमचे खरे भांडण आहे, आणि प्रस्तावना माझी असल्याने ते मी इथे मांडतो. खरखर काढणारी यंत्रणा आता कोणाच्याही संगणकात असते. ती चालवणाऱ्याला शांतता हवी असते. पण तंबोऱ्याची जवारी, तिचे ते बारीक झंकार, यंत्राच्या दृष्टीने खरखरीच्याच कुळातले. खरखर जाते तेव्हा तंबोऱ्यातला प्राणही जातो आणि गायक पोकळीत, पांढऱ्या भिंतीसमोर उभा असल्यासारखा गाऊ लागतो. त्याहून वाईट म्हणजे दाद कापणे. 'वा बुवा', 'क्या बात', कोणाची तरी मांडीवरची थाप, पेटीवाल्याचा हुंकार, मध्येच कपबशी वाजणे, हे सगळे मैफलीचे साक्षीदार. गायकाने एक जागा घेतली, समोरून दाद आली म्हणून तो ती परत घेतो. दाद कापली की तो उगाचच घुटमळतोय असे वाटते. येणाऱ्या काळातल्या प्रकाशकांना हात जोडून विनंती, कपबशी असू द्या.

वेगाची गोष्ट त्याहून नाजूक. यंत्र जरा जलद वा मंद चालले तर पट्टी बदलते. साधारण सहा टक्क्यांचा फरक म्हणजे एक अख्खी पट्टी. काळी एक गाणारा पांढरी दोनमध्ये जातो, आवाज पातळ होतो आणि आपण त्यावरून "तरुणपणी आवाज टोकदार होता" अशी समीक्षा लिहितो! ७८ फेऱ्यांच्या म्हणून विकलेल्या कित्येक तबकड्या प्रत्यक्षात ७८ वर मुद्रित झालेल्याच नाहीत. टेपच्या बाबतीत निदान एक वाटाड्या मिळू शकतो, विजेची गुणगुण. घरातल्या विजेची कंपने सेकंदाला ५०. ती टेपमध्ये बारीक घुमत राहतात. ती गुणगुण ५० वर आणून ठेवली की गायकही आपल्या पट्टीत परततो. म्हणजे ज्या गुणगुणीचा मामांना राग येई, तिच्याच आधाराने उद्या कोणीतरी त्यांच्या मारव्याची पट्टी ठरवणार.

हे झाले टेपचे. माणसांचे अधिक कठीण. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे टिकतो. यातली खोच पाहा: जे प्रसिद्धच झाले नाही त्याचे घड्याळ सुरूच होत नाही. १९९९ च्या दुरुस्तीनंतर गायक-वादकाचा हक्क सादरीकरणापासून ५० वर्षांचा. मुद्रण करणारा एक, गाणारा दुसरा, दोघांचे वारस चार ठिकाणी, त्यांतले दोन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि टेप तिसऱ्याच्या ताब्यात. काही संग्राहक टेप देत नाहीत, कारण त्यांनी जन्मभर जपली आणि उद्या कोणीतरी फुकट वाटून टाकील. काही घराणी देत नाहीत, कारण बुवांचा गळा त्या दिवशी बसला होता. दोन्ही कारणांना मी पूर्वी हसत असे. आता हसत नाही.

अन्नपूर्णादेवींमुळे ते हसू थांबले. अल्लाउद्दीन खाँसाहेबांची ही कन्या, सूरबहार वाजवणारी. निखिल बॅनर्जी आणि हरिप्रसाद चौरसियांसारख्यांना तिने तालीम दिली. तिने भर उमेदीत जाहीर वादन थांबवले आणि २०१८ मध्ये मुंबईतच देह ठेवला. तिच्या वादनाची जी मोजकी मुद्रणे फिरतात ती तिला न सांगता घेतली गेली, असेच सांगितले जाते. ती मी ऐकली आहेत. पुनःपुन्हा ऐकली आहेत. आणि दरवेळी कोणाच्या तरी घराच्या दाराशी कान लावून उभा असल्यासारखे वाटले आहे. माझ्या मित्राने तिचे पान कोरे ठेवले आहे. फक्त नाव, आणि समोर हिशेबाच्या रकान्यात एक आडवी रेघ. मी म्हणालो, "अजून काही सापडलं तर?" तो म्हणाला, "ते आपलं येणं नव्हे." इतके निःसंदिग्ध उत्तर मला देता आले नसते. टेप सापडलीच, तर मी बहुधा ऐकेन.

नव्या ध्वनिमुद्रणांविषयी वहीत फारसे नाही, आणि ते योग्यच. आज गाणाऱ्यांची मैफल दुसऱ्या दिवशी फोनवर असते, कित्येकदा त्याच रात्री. तीत पाहण्याजोगे खूप आहे, वाट पाहण्याजोगे नाही. २०२४ च्या एकाच जानेवारीत रशीद खाँ आणि प्रभा अत्रे गेले, त्याच डिसेंबरात झाकीर हुसेन. त्यांच्या नावाची पाने मित्राने वहीच्या शेवटी नव्याने जोडली आहेत. शाई अजून निळी आहे.

आधीच्या कष्टाळू मंडळींचे ऋण मात्र सांगितले पाहिजे. मुंबईत १९९० मध्ये तबकडी-संग्राहकांची संस्था निघाली, सुरेश चांदवणकरांनी तिचा व्याप वर्षानुवर्षे सांभाळला. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन गृहस्थाने आपल्याकडच्या तबकड्यांच्या क्रमांकवार याद्या केल्या, ज्या आपण करायला हव्या होत्या. पुण्याच्या अलूरकरांनी मैफलीतले गाणे कॅसेटवर आणून घरोघरी पोहोचवले. या लोकांनी नाव, तारीख, साथीदार लिहून ठेवायची शिस्त लावली. एरवी आपल्या डब्यांवरचे मजकूर काय असतात? 'बुवा, यमन, फर्स्टक्लास.' कोणते बुवा? तबल्यावर कोण? एका डब्यावर तर नुसते 'तीच' असे लिहिलेले मी वाचले आहे. ज्याने लिहिले त्याला ठाऊक होते.

सध्या टेपा सापडतात त्या पुनर्विकासामुळे. इमारत पाडायची म्हणून माळे रिकामे होतात, पन्नास वर्षांचे डबे खाली येतात आणि भंगारवाला दारात उभा असतो. मित्राच्या वहीतल्या बऱ्याच नोंदी अशा जिन्यात केलेल्या आहेत. गेल्या चैत्रात मामांच्या जुन्या शेजाऱ्यांची इमारत खाली झाली. त्यांच्या माळ्यावर सात इंची एक डबा निघाला. त्यावर मामांचे अक्षर मी दुरूनही ओळखले असते: 'मारवा, पुढे. साडेसाती.' त्याखाली दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात, वेगळ्या शाईने: 'चि. बाळूची मुंज.'

गायकाचे नाव मी या प्रस्तावनेत मुद्दामच लिहिलेले नाही. त्यांच्या घरी पत्र गेले आहे, उत्तर यायचे आहे. डबा उघडून पाहिला, तर व्हिनेगरचा वास आहे, पण मंद. मित्राने ही नोंद वहीत सर्वांत शेवटी घेतली असून रकमेच्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाकले आहे. परवा मी त्याला फोन करून विचारले, मुंज किती लांबीची असेल, मारव्यावर पूर्ण चढली असेल की अर्धवट?

"लावल्याशिवाय कळायचं नाही," तो म्हणाला. "आणि आत्ता लावणार नाही. हवेत ओल आहे. यंत्राचा पट्टाही पुण्याहून यायचाय. गणपती झाले की ये."